केयाच्या भारंभार गूळ

आमच्या विहीणबाई वसुधाताई फणसे यांच्यावर मी काही लिहितेय हे त्यांना कळलं, तर त्या आधी माझं शुद्धलेखन तपासतील आणि रागावतील मागाहून. साताऱ्याच्या प्राथमिक शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. समोरच्याच्या हातात खडू नाही याचंच त्यांना वाईट वाटतं.

आता, विहीण म्हणजे सख्खी विहीण नव्हे हं. त्यांची सून अंतरा माझी भाची. अंतराची आई, म्हणजे माझी ताई, राहते तिकडे ॲरिझोनात चँडलरला, आणि मी इकडे न्यू जर्सीत आयसेलिनला. त्यामुळे मुलीकडच्या बाजूने नाक वर करून बसायचं काम लग्नापासून माझ्याकडे आलं. मी ते मन लावून करते. पण वसुधाताईंपुढे नाक फार वेळ वर राहात नाही, त्याला मी तरी काय करू?

ओक ट्री रोडवर, म्हणजे आमच्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, त्यांची ख्याती आहे ती वजनांची. भारतात निघालेल्या माणसाचा आदल्या दिवशी त्यांना फोन येणारच. काकू, एका बॅगेत पन्नास पौंड चालतात म्हणे, मग आंब्याच्या पोळ्या किती किलो आणता येतील? काकू, मुंबईहून सासूबाईंनी अनारशाचं प्रमाण पाठवलंय किलोत, इथलं पीठ आहे पौंडात, काय करू? वसुधाताई फोन खांद्याशी धरून भाजी ढवळता ढवळता उत्तर देतात. त्यांची रीत साधी आहे. पौंडाचे किलो करायचे तर आकडा निम्मा करा आणि त्यातला दहावा भाग काढून टाका. किलोचे पौंड करायचे तर दुप्पट करा आणि दहावा भाग वर घाला. अगदी काट्याला काटा लागत नाही, पण चिवडा बिघडत नाही आणि विमानतळावर बॅग उघडून साड्या बाहेर काढायची वेळ येत नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत त्यांनी हे आमच्या इंग्रजाळलेल्या पोरांना असं शिकवलंय, की पोरं घरी जाऊन बापाचं वजन दोन्ही भाषांत सांगतात.

मी एकदा सहज विचारलं, ताई, माझं वजन तुमच्या रीतीने किती होतं हो? माझ्याकडे चष्म्यावरून बघून म्हणाल्या, "विहीणबाई, काही गणितं किलोतच सोडवावीत. आकडा लहान दिसतो."

अशी बाई. पण हीच बाई अमेरिकेत आल्या आल्या पौंडापुढे सपशेल आपटली होती, आणि त्या आपटण्याचंच सगळं पुढचं रामायण.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. अंतराला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं म्हणून वसुधाताई घाईघाईने आल्या. त्यांच्या बॅगेतले डिंकाचे लाडू बाहेर निघायच्या आत केया जन्मली. सातव्या महिन्यात. वजन दोन पौंड तीन औंस. एवढंसं पिल्लू, काचेच्या पेटीत. त्या दिवसांत फ्लूची साथ होती, त्यामुळे हॉस्पिटलात फक्त आईवडिलांना आत सोडत. वसुधाताईंचा मुलगा देवांग आणि अंतरा हॉस्पिटलजवळ एक खोली घेऊन राहिले आणि वसुधाताई माझ्याकडे.

रोज सकाळी देवांगचा मेसेज यायचा. पोरगा आधीच कमी बोलतो, त्यात झोप नाही, म्हणून नुसते दोन आकडे टाकायचा. टू थ्री. टू फोर. वसुधाताई चहाचा कप बाजूला ठेवायच्या, मनात हिशोब करायच्या आणि साताऱ्याला जाऊबाईंना फोन लावायच्या. आज वाढलं हो. एक किलोच्या वर गेलं. मी आपली ओट्याशी पोळ्या लाटत ऐकायची. वाढतंय ना, मग झालं. माझ्या डोक्यात आलंच नाही की बाई नेमकं काय वाचतेय.

टू सेव्हन, टू एट, टू नाइन. वसुधाताईंच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला होता. टू नाइनच्या दिवशी तर त्यांनी मला शिरा करून घातला, माझ्याच घरात, माझ्याच तुपाचा, आणि वर म्हणाल्या, तुमच्या हाताला सढळपणा नाही.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून बाहेर आले तर चहा तसाच होता, त्याच्यावर साय धरलेली. वसुधाताई माझ्या देवाच्या कपाटासमोर उभ्या. आमचा गणपती टिचभर आहे, पितळी, डाव्या सोंडेचा. त्याच्यापुढे त्या हात जोडून उभ्या होत्या. ज्या बाईने नवऱ्याच्या आजारपणात डॉक्टरांशी टक्केवारीवर वाद घातला होता, ती बाई म्हणत होती, "बाप्पा, पोरगी घरी येऊ दे. तिच्या भारंभार, वजनाला वजन गूळ ठेवीन तुझ्यापुढे."

मी विचारलं, काय झालं हो? त्यांनी फोन पुढे केला. टू टेन.

मी म्हटलं, मग?

तर म्हणाल्या, कालचं दोन पूर्णांक नऊ दशांश. आजचं दोन पूर्णांक दहा शतांश. म्हणजे काल पोरीचं वजन तेराशे ग्रॅमच्या वर होतं आणि आज साडेनऊशे. एका दिवसात साडेतीनशे ग्रॅम गेलं. तिच्यात आहेच किती जायला?

मला आधी कळलं नाही, आणि कळलं तेव्हा मी खुर्चीत बसून हसत सुटले. सुटकेचं हसू, दुसरं काय. म्हटलं, अहो बाई, पौंडात औंस सोळा असतात, दहा नव्हे. इथे मधे टिंब नसतं. नवाच्या पुढे दहा, दहाच्या पुढे अकरा, असं करत पंधरापर्यंत जायचं आणि मग तीन पौंड. तुमची नात एका औंसाने वाढलीय.

वसुधाताईंच्या कपाळावर जी आठी पडली ना, ती मी विसरणार नाही. मग हळूच म्हणाल्या, "सोळा छटाकांचा शेर असायचा, तसं?"

अगदी तसंच, मी म्हटलं.

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि साताऱ्याला फोन लावून जाऊबाईंना आधीचे सगळे आकडे चुकले होते असं कबूल केलं. एक एक आकडा दुरुस्त करून सांगितला. पलीकडून जाऊबाई म्हणत असणार, असू द्या हो, पण छे, वहीत चूक ठेवायची नाही हा त्यांचा बाणा. मी त्यांना चिडवलं. म्हटलं, चला, बाप्पाचा गूळ वाचला. पोरगी तर वाढतच होती, गणित चुकलं म्हणून नवस बोललात, तो कुठे धरायचा?

त्या म्हणाल्या, "गणित चुकलं. भीती चुकली नव्हती."

मी पोळ्या लाटायला गेले.

केया घरी आली. गुटगुटीत नाही, पण खणखणीत. नवस बारशाला फेडायचं आम्ही दोघींनी ठरवलं, पण तेव्हा घरात पाहुणे नकोत असं डॉक्टरांचं म्हणणं. मग पहिल्या वाढदिवसाला ठरवलं, तर ती नेमकी तापली. मग कोविड. मी वसुधाताईंना म्हणायची, तुमचा नवस म्हणजे बँकेतलं व्याज आहे, जितका उशीर तितका गूळ जास्त. तेव्हा उरकला असता तर एका पिशवीत भागलं असतं, आता टेम्पो लागेल.

पण खरी अडचण टेम्पोची नव्हती. खरी अडचण आमची अंतरा. ती मिडल स्कूलमध्ये कौन्सेलर आहे. केया मोठी व्हायला लागल्यावर तिने नियम केला की घरात वजनकाटा ठेवायचा नाही आणि केयासमोर कोणी वजनाचा विषय काढायचा नाही. बारीक झालीस, जाड झालीस, काही नाही. आपल्याकडे तर पाहुणा दारातून आत आला की पहिलं वाक्य तेच असतं, त्यामुळे मला फार जड गेलं. डॉक्टरकडे वजन व्हायचं तेव्हा केयाला काट्याकडे पाठ करून उभं करायचे. देवांगला विचारलं तर तो मोबाइलमध्ये तोंड घालायचा. आणि नवसाचं अंतराला सांगायची वसुधाताईंना लाज वाटायची, कारण मग टू टेनचंही सांगावं लागलं असतं.

असं चाललं होतं, तेवढ्यात या वर्षी देवांगची बदली झाली चँडलरला. माझी ताई हरखली. लेक, जावई, नात, सगळे तिच्याकडे. मी तोंडाने बरं झालं म्हटलं आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही, ते असो. शाळा संपली की निघायचं ठरलं. वसुधाताई माझ्याकडे आल्या आणि गणपतीच्या कपाटाकडे बघत म्हणाल्या, याच्यापुढे बोलले होते, याच्यापुढेच व्हायला हवं. आता निघायच्या आत.

मग त्यांनी एक उद्योग केला, आणि त्यात मीही सामील होते, खोटं कशाला बोलू. केयाला उचलायचं, कडेवर घ्यायचं, खाली ठेवायचं आणि लगेच तांदळाची पिशवी उचलायची. पिशवीवर पौंड आणि किलो दोन्ही छापलेले असतात. पुन्हा केया, पुन्हा पिशवी. गुडघे कुरकुरत होते, तरी बाई ऐकेना. केयाला वाटलं नवीन खेळ आहे. तीन वेळा उचलून झाल्यावर ती धावत बाहेर गेली आणि आईला म्हणाली, "मॉम, आजी इज लिफ्टिंग मी अँड देन द राइस."

अंतरा माझ्या स्वयंपाकघरात आली. वसुधाताईंच्या हातात अजून तांदूळ होता.

केयाला तिने देवांगबरोबर अंगणात पाठवलं आणि दार लावून घेतलं. आमची अंतरा चिडली की आवाज खाली जातो, हे आमच्या घराण्यातलं. म्हणाली, "आई, तेव्हा रोज सकाळी नर्स एक नंबर सांगायची. त्या नंबरवर माझा पूर्ण दिवस ठरायचा. जेवायचं की नाही, झोपायचं की नाही. आणि आता शाळेत माझ्यासमोर अकरा वर्षांच्या मुली बसतात, त्यांचा दिवसही एक नंबरच ठरवतो. केयाला तिचा नंबर कोणी द्यायचा नाही. तुम्हीसुद्धा नाही. प्लीज."

मी मधे तोंड घालणार होते, पण वसुधाताईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. तांदूळ खाली ठेवला. पदराला हात पुसले आणि मग सगळं सांगितलं. टिंबाचं, साडेतीनशे ग्रॅमचं, गणपतीचं, गुळाचं. शाळेत मुलाने चूक कबूल करावी तशा उभ्या राहून सांगितलं.

अंतरा म्हणाली, "टू टेन? मला तो दिवस आठवतो, आई. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले होते. आनंदाने. ती रोज वाढतेय याची पहिल्यांदा खात्री वाटली होती."

"आणि मी इथे भीतीने," वसुधाताई म्हणाल्या. "आकडा एकच होता बघ."

दोघी जरा हसल्या. मला वाटलं, मिटलं. पण अंतरा माझीच भाची. डोळे पुसून म्हणाली, सॉरी आई, तरी वजन करायचं नाही. आणि वसुधाताई म्हणाल्या, बरं. नाही करणार.

तुम्हाला सांगते, मला त्यांचा रागच आला. मी माझ्या परीने उपाय सुचवले. म्हटलं, पोरगी बघून कळतंय की, भरपूर गूळ आणू, कमी पडणारच नाही इतका, ठेवू आणि मोकळ्या होऊ. तर म्हणे, भारंभार म्हणजे भारंभार. अंदाजे नवस म्हणजे पुस्तकात मागे उत्तर बघून लिहिलेलं गणित. बरं, मग देवांगकडून गुपचूप आकडा काढू? यावर तर माझ्याकडे अशा बघितल्या, की मला पट्टी आठवली. सुनेला शब्द दिलाय, एवढंच म्हणाल्या. देवाला दिलेला शब्द आणि सुनेला दिलेला शब्द, दोन्ही धरून ही बाई बसली होती आणि खोकी भरत होती. घासलेली भांडी पुन्हा घासत होती. मला काळजी वाटायला लागली.

मग एक दिवस आम्ही केयाला घेऊन बागेत गेलो. आमच्या इथे एक जुनी बाग आहे, तिथे अजून सी-सॉ आहे. हल्ली सी-सॉ काढून टाकतात, पोरं आपटतात आणि आईबाप दावे लावतात म्हणे. हा कसा कोण जाणे राहिला होता. त्याच्या एका टोकाला एक गुब्बू मुलगा आणि दुसऱ्या टोकाला त्याची काटकुळी बहीण. ती वर लटकलेली. मग तिने आपली मैत्रीण मागे बसवली, तर फळी हळूहळू आडवी झाली आणि सगळे मधेच तरंगायला लागले.

वसुधाताई चालता चालता थांबल्या. मी दोन पावलं पुढे जाऊन मागे बघते तर बाई सी-सॉकडे अशा बघतायत, जसा मी दागिन्यांच्या काचेकडे बघते. म्हणाल्या, मी तिसरीच्या पोरांना आधी कधी आकडे देतच नव्हते. आधी तराजू द्यायचा. एका पारड्यात दगड, दुसऱ्यात चिंचोके. बरोबर झालं की झालं. किलो मागाहून.

त्याच संध्याकाळी त्यांनी अंतराला सरळ विचारलं, आकडा न काढता तोललं तर चालेल का?

अंतराने विचार केला. मग तिच्या अटी आल्या. कोणी पाकिटं मोजायची नाहीत. कोणी फोटोखाली काही लिहायचं नाही. आणि केयाला विचारायचं, ती हो म्हणाली तरच. केयाला विचारलं. तिने एकच गोष्ट विचारली, नंतर गूळ खाता येईल का. येईल म्हटल्यावर ती तयार.

गूळ आणायला मी आणि वसुधाताई ओक ट्री रोडवर गेलो. दुकानदार गुजराती, आमच्या ओळखीचा. त्याने विचारलं, किती किलो देऊ काकी? की पौंडात सांगता? आणि ज्या बाईने या दुकानात आजवर जिरंसुद्धा दोन्ही मापांत विचारून घेतलं, ती म्हणाली, जेवढा असेल तेवढा दे. उरला तर परत आणते. तो बघतच राहिला. शेल्फावर होतं ते सगळं गाडीत भरलं. किलोची पाकिटं, दोन पौंडांची, पाच पौंडांची, कोल्हापुरी भेल्या, सगळी खिचडी. मुद्दामच तशी घेतली, कोणाला मनातसुद्धा बेरीज करता येऊ नये म्हणून. बाई मला पुरती ओळखून आहे.

रविवारी सकाळी गणपतीला डब्यात बसवला, वर जास्वंदीचं फूल ठेवलं आणि डबा गाडीत पट्टा लावून बसवला. बागेत सी-सॉच्या मधोमध, खालच्या कट्ट्यावर त्याची स्थापना केली. देवांग इंजिनिअर, त्याने बुटांनी दोन्ही बाजूंची अंतरं मोजली आणि सीटवर गूळ राहण्यासाठी एक जुनी सुती साडी बांधली. वसुधाताईंनी लगेच पिशवीतून तशीच दुसरी साडी काढून केयाच्या सीटवर घातली. दोन्हीकडे सारखं हवं. साडीचं असून असून वजन किती, पण नाही. देवाला फसवायचं नाही, तसं गुळालाही नाही.

केया बसली. तिची बाजू जमिनीला टेकली, दुसरी आभाळात. देवांगने वरचं टोक धरून ठेवलं आणि वसुधाताई एक एक पाकीट साडीत ठेवायला लागल्या. मी सवयीने मनात मोजायला सुरुवात केली, तर अंतराने माझ्या दंडाला चिमटा काढला. त्यानंतर मी झाडाकडे बघत राहिले.

बराच गूळ चढला तरी केया हलेना. माझ्या मनात आलं, दुकानातला पुरतोय की नाही. मग पहिल्यांदा फळी करकरली. केयाच्या बुटांची टोकं मातीवरून सुटली. "मोअर!" ती ओरडली. वसुधाताईंनी आणखी एक भेली ठेवली. केया वर आली, मग पाय हलवले म्हणून खाली गेली. वसुधाताई म्हणाल्या, बाळा, हलायचं नाही, नाहीतर आजीचं गणित चुकतं. तिने श्वाससुद्धा रोखला.

फळी जवळजवळ आडवी झाली होती. एवढंसं कमी. वसुधाताईंनी पाच पौंडांचं पाकीट हातात घेतलं, ठेवलं खाली. किलोचं घेतलं, तेही ठेवलं. तेव्हा अंतरा पुढे झाली. इतका वेळ ती लांब हाताची घडी घालून उभी होती. तिने पिशवीत चाचपून एक लहान भेली काढली, तळहातावर जरा तोलून बघितली, अगदी सासूसारखी, आणि स्वतः साडीत ठेवली.

फळी थांबली. केया अधांतरी. देवांगने हात काढले तरी हलली नाही. वसुधाताईंनी गणपतीकडे बघून हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते, पण ते बाप्पाला ऐकू आलं तेवढं पुरे, मी कान लावले नाहीत.

आणि मग केयाने नको तोच प्रश्न विचारला. वरून, सगळ्यांसमोर. "आजी, सो हाउ मच ॲम आय?"

अंतराचा चेहरा मी बघितला. देवांग बुटांकडे बघायला लागला. ज्या बाईला कोणत्याही वस्तूचा आकडा दोन मापांत तोंडपाठ, आणि मला खात्री आहे की मोजायचं नाही म्हटलं तरी ज्या बाईचं डोकं थांबलेलं नसणार, ती केयाजवळ गेली. समोरच्या टोकाकडे बोट केलं. पिवळा, तांबूस, काळसर, साडीतून ओसंडणारा गूळ.

"तेवढी," वसुधाताई म्हणाल्या.

केयाने मान लांब करून बघितलं. "ऑल ऑफ दॅट?"

"सगळी."

तिला ते भलतंच आवडलं. खाली उतरवायची वाट न बघता तिने उडी मारली, सी-सॉ धाडकन दुसऱ्या बाजूला आपटला आणि भेल्या गवतात गडगडल्या. एक फुटली. आम्ही गोळा करेपर्यंत केयाने फुटलेल्या भेलीचे तुकडे ओंजळीत घेतले, एक तोंडात टाकला आणि बागेत फिरायला लागली. धावायला आलेल्या एका उंच बाईला अडवलं. बाकावर पेपर वाचणाऱ्या आजोबांना अडवलं. त्या दिवशीचा गुब्बू मुलगा आजही आला होता, त्यालाही गाठलं. प्रत्येकासमोर ओंजळ धरायची आणि मोठ्या अभिमानाने सांगायची, "दिस इज मी. टेक सम."

आणि लोक घेत होते.